खारें पाणी आणि वसईची हिरवळ

वसई-विरारच्या इतिहासाचें नांव निघालें कीं आपणांस तीन तारखा आठवतात. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. आणि १८०२ सालच्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें तेथेंच इंग्रजांशीं तह करून आपल्या स्वातंत्र्यावर पाणी सोडलें. या तिन्ही गोष्टी तोफांच्या आणि करारनाम्यांच्या आहेत. परंतु ज्या भूमीसाठीं हीं युद्धें झालीं ती भूमि या सर्वांहून जुन्या अशा एका झगड्यांत गुंतलेली होती आणि आजही आहे. तो झगडा गोड्या पाण्याचा आणि खाऱ्या पाण्याचा होय. त्याची नोंद कोणत्याही बखरींत नाहीं. ती तेथील झाडांच्या मुळांत, पानांत आणि बियांत आहे, आणि ती वाचण्याची विद्या माणसाला गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतच साधूं लागली आहे. त्या नोंदींत काय लिहिलें आहे तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम जमीन पाहूं. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदी जिला मिळते ती वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस जीवदानीचा डोंगर व तुंगारेश्वराची रांग, अशा चौकटींत ही सखल पट्टी बसलेली आहे, आणि तिच्या पोटांत दोन्ही खाड्यांचे फांटे शिरलेले आहेत. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथांत त्याचें नांव आलें आहे, आणि १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरून त्यांतील अवशेषपात्रें उजेडांत आणिलीं. आज सोपाऱ्यास गलबत लागत नाहीं. खाडी गाळानें भरत गेली आणि बंदराचें गांव समुद्रापासून आंत राहिलें. जेथें गाळ सांचतो तेथें तिवर उगवतें, आणि जेथें तिवर उगवतें तेथें गाळ अधिक सांचतो; बंदरें बुजतात आणि जमीन वाढते. किनाऱ्याचा नकाशा राजांनीं काढला तसाच तो झाडांनींही काढला आहे.

या पट्टींत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारें दोन हजार मिलिमीटर, म्हणजे ऐंशी इंचांच्या आसपास, पाऊस पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. आगाशी, अर्नाळा, नंदाखाल, निर्मळ, वाघोली या किनाऱ्यालगतच्या गांवांची जमीन रेताड आहे. तिच्यांत पावसाचें पाणी मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, कारण गोडें पाणी खाऱ्यापेक्षां हलकें असतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन घायबेन या डच अभियंत्यानें आणि १९०१ सालीं हर्ट्‌सबेर्ग या जर्मन अभियंत्यानें या तरंगत्या पाण्याचा हिशेब मांडला. समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडें पाणी असेल, तर त्या पातळीखालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. ऐकावयास ही मोठी दौलत वाटते. पण हाच हिशेब उलटा वाचला म्हणजे काळजी वाटूं लागते. उपशानें विहिरीची पातळी कायमची एक फूट खालीं गेली, तर खालून खारें पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढूं पाहतें. वसईच्या वाड्यांचें सारें वैभव या पातळ थरावर उभें आहे.

आतां खाऱ्या पाण्यानें झाडाचें बिघडतें तरी काय? समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. मूळ पाणी ओढून घेतें तें आपल्या पेशींतील रस बाहेरच्या पाण्यापेक्षां दाट असतो म्हणून. बाहेरचेंच पाणी अधिक दाट झालें, कीं ओढ उलटी होते. चहूंकडे पाणी असूनही झाड तहानेनें वाळतें. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर त्यांना पाणी सुटतें, तोच हा प्रकार. ही पहिली आपत्ति. दुसरी आपत्ति सावकाश येते. मिठांतील सोडियम हें झाडाच्या नित्याच्या पोटॅशियमसारखें दिसतें आणि त्याच्या वाटेनें पेशींत शिरतें. पोटॅशियमच्या आधारानें चालणारीं कित्येक कामें मग अडतात. जुन्या पानांत मीठ सांचतें, पानांचीं टोंकें करपतात, पर्णरंध्रें मिटतात, आणि सूर्यप्रकाशावर अन्न शिजविण्याचें काम मंदावतें. भाताच्या रोपाला समुद्राच्या पाण्याच्या दशांशाहूनही कमी खारटपणा बाधूं लागतो. केळीची सहनशक्तीही अशीच थोडी.

असें असतां वैतरणेच्या कांठीं, दिवसांतून दोनदां भरतीच्या पाण्यांत गुडघाभर बुडून, तिवर मात्र हिरवेंगार उभें असतें. या नवलाची नोंद फार जुनी आहे. इ. स. पूर्व ३२५ मध्यें शिकंदराचें आरमार सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे गेलें. त्या खलाशांनीं समुद्रांत मुळांवर उभीं असलेलीं झाडें पाहिलीं, आणि त्यांची हकीकत थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानें आपल्या वनस्पतींवरील ग्रंथांत घातली. आपल्या इलाख्यांत डाल्झेल व गिब्सन यांचा वनस्पतिकोश १८६१ सालीं आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा कोश १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. त्यांत नांवें व लक्षणें आलीं. परंतु हें झाड जगतें कसें हा प्रश्न मुंबईच्या खारवनांपुढें उभा राहून विचारणारे पहिल्या अभ्यासकांपैकीं एक म्हणजे सेंट झेवियर महाविद्यालयाचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर. हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरु. १९०५ सालीं त्यांनीं मुंबई इलाख्यांतील खारवनांवर व त्यांच्या जीवनक्रमावर एक निबंध मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत छापला. ते १९३४ मध्यें निवर्तले. त्या महाविद्यालयांतील वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

मुळांशीं नेमकें काय घडतें याचा उलगडा मात्र १९५० नंतर झाला. पेर शोलांडर हे जन्मानें युरोपांतील, पण कॅलिफोर्नियांत काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांनीं एक साधें यंत्र केलें. तोडलेली डहाळी पोलादी भांड्यांत बंद करावयाची, तिचें तुटकें टोंक बाहेर ठेवावयाचें, आणि आंतील हवेचा दाब वाढवीत जावयाचें. टोंकावर रस दिसूं लागला कीं झाड किती जोरानें पाणी ओढीत होतें तें कळतें. समुद्राच्या पाण्याची ओढ सुमारें पंचवीस वातावरणांच्या दाबाइतकी असते. खारवनांतील झाडांची ओढ तिच्याहूनही अधिक, तीस ते साठ वातावरणांच्या घरांत, असल्याचें त्यांना १९६५ च्या सुमारास आढळलें. या जोरावर हीं झाडें मुळांच्या त्वचेंतून पाणी गाळून घेतात आणि मीठ बाहेरच ठेवतात. तिवर सुमारें नव्वद टक्के मीठ मुळाशींच अडवितें. जें आंत येतें तें पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतें. उन्हाळ्यांत तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावल्यास खारट लागतें तें यामुळेंच. कांदळाची रीत निराळी. त्याला अशा ग्रंथी नाहींत, म्हणून तें मुळाशींच याहून कडक बंदोबस्त ठेवितें.

चिखलांत हवा नसते, हें दुसरें संकट. त्यासाठीं तिवराचीं मुळें जमिनींतून उलटीं वर येतात आणि बोरूसारखीं उभीं राहतात. त्यांच्या सालीवरील छिद्रांतून ओहोटीच्या वेळीं हवा आंत जाते. तिसरें संकट संततीचें. बीं चिखलांत पडलें तर भरती तें वाहून नेणार. म्हणून कांदळाचें बीं झाडावर असतांनाच रुजतें, हातभर शेंगेसारखें लांबतें, आणि मग तयार रोप म्हणून खालीं पडतें.

या सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, खारवन ही एका कुळाची मिरास नाहीं. तिवर हें आपल्या परसांतील अडुळशाच्या कुळांतलें. चिपी ही मेंदीच्या आणि डाळिंबाच्या कुळांतली. कांदळाचें कूळ याहून वेगळें. भिन्न भिन्न कुळांतील झाडें, भिन्न भिन्न काळीं, खाडीच्या चिखलांत उतरलीं आणि तेथें टिकण्यासाठीं त्यांनीं सारखे सारखे उपाय साधले. उत्क्रांति म्हणजे काय याचें इतकें उघड उदाहरण विरारच्या माणसाला आगगाडीच्या खिडकींतून, वैतरणेच्या पुलावर, रोज दिसण्याजोगें आहे.

महाराष्ट्रांत या विषयाचा पाठपुरावा कोल्हापुरास झाला. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं स्थापन झालें. तेथील वनस्पतिशास्त्र विभागांत प्राध्यापक जी. व्ही. जोशी आणि पुढें प्राध्यापक लीला भोसले यांनीं कोंकणच्या किनाऱ्यावरील खारट जमिनीतील वनस्पतींचें प्रकाशसंश्लेषण व क्षारसहन यांचा अभ्यास चालविला. आणि २०२१ सालीं भुवनेश्वरच्या जीवविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं तिवराच्या एका जातीचा संपूर्ण जनुकलेख वाचून प्रसिद्ध केला. एकतीस गुणसूत्रांच्या जोड्यांवर एकतीस हजारांहून अधिक जनुकें आहेत, आणि त्यांतील तीन हजारांवर खारटपणाला प्रतिसाद देण्याच्या कामीं येतात, असें त्यांनीं दाखविलें. या संख्येंत एक शहाणपण दडलेलें आहे. खारें पाणी पचविणें हा एखाद्या जादूच्या कळीचा खेळ नाहीं. तो संपूर्ण शरीराचा व्यवहार आहे, आणि त्यासाठीं झाडाला सतत शक्ति खर्चावी लागते.

आतां माणसाकडे वळूं. खाडीकांठच्या शेतकऱ्याला तिवराइतकी सवड नव्हती. त्यानें मातीचे बांध घालून भरती अडविली, बांधाला उघाडी ठेवली, ओहोटीला ती उघडून पावसाचें पाणी बाहेर सोडलें, आणि मीठ धुऊन काढलें. अशा खार जमिनींत तो भात पेरूं लागला. प्रत्येक वर्षीं कोठें तरी बांध फुटे, खारें पाणी शिरे, आणि पुष्कळशीं रोपें मरत. जीं उरत त्यांचेंच बीं पुढच्या वर्षीं पेरलें जाई. हें शेंकडों वर्षें चालल्यानंतर कोंकणांत ‘काळा राता’, ‘भुरा राता’ अशा नांवांचीं लाल तांदळाचीं भातें तयार झालीं. दिसावयास जाडीं, उत्पन्न बेताचें, पण खारटपणांत उभीं राहणारीं. यांचा कर्ता कोणी एक नाहीं. कोणीही त्याबद्दल सनद किंवा इनाम घेतलेलें नाहीं.

सरकारनें १९४८ सालीं मुंबई खारभूमि कायदा केला आणि बांधांची व्यवस्था हातीं घेतली. १९७९ मध्यें महाराष्ट्राचा नवा कायदा आला. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रांत या जुन्या जातींतून निवड करून ‘काळा राता १-२४’ व ‘भुरा राता ४-१०’ हे वाण शुद्ध करण्यांत आले, आणि पुढें ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे अधिक उत्पन्नाचे वाण निघाले. जगांत इतरत्रही हेंच घडलें आहे. केरळच्या खाडीकांठचें ‘पोक्काळी’ भात घेऊन फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें त्याच्या पहिल्या गुणसूत्रावरील क्षारसहनाचा भाग हुडकला. २००५ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं बंगालच्या ‘नोना बोक्रा’ या भातांतील एक जनुक नक्की केलें. बंगालींत नोना म्हणजे खारट. हें जनुक मुळांतून वर चढणाऱ्या रसांतील सोडियम वाटेंतच परत काढून घेणारा जणूं एक नाकेदार तयार करतें. त्यामुळें कोंवळ्या पानांपर्यंत मीठ पोहोंचत नाहीं. जगांतील उत्तम प्रयोगशाळांनीं जें शोधलें तें आमच्या खाडीकांठच्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनीं पोत्यांत जपून ठेविलेलें होतें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

तिसरी वनस्पति म्हणजे केळ. वसईच्या नांवाशीं ती इतकी जोडलेली आहे कीं मुंबईच्या उपनगरांत केळीं घेऊन येणारा ‘वसईवाला’ हा घरोघर ओळखीचा होता. १८६७ च्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली, आणि वाड्यांतील केळीं, विड्याचीं पानें, भाजी व फुलें त्याच दिवशीं शहरांत पोहोंचूं लागलीं. राजेळी केळीं सोलून, उन्हांत कित्येक दिवस वाळवून केलेलीं आगाशीचीं सुकेळीं तर दूरवर जात. पोर्तुगीज लोक केळ्याला हिंदुस्थानचें अंजीर म्हणत. गार्सिया द ओर्ता या वैद्यानें गोव्यास १५६३ सालीं छापलेल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें आहे.

पण केळीचा वनस्पतिशास्त्रीय इतिहास चमत्कारिक आहे. रानकेळ्यांत गुणसूत्रांच्या अकरा जोड्या असतात आणि फळांत दगडासारख्या बिया असतात. न्यू गिनी बेटांत सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं केळीची लागवड होत असल्याच्या खुणा सांपडल्या आहेत. पुढें माणसानें निवडीत निवडीत अशीं झाडें जवळ केलीं कीं ज्यांत बी धरत नाहीं. आपली राजेळी दोन रानजातींच्या संकरांतून झालेली. तिच्यांत गुणसूत्रांच्या जोड्या नसून तीन तीनांचे गट आहेत, आणि ती केरळच्या ‘नेंद्रन’ केळीची सख्खी आप्त आहे. तीन वस्तूंची समान वांटणी दोघांत होत नाहीं, म्हणून बी होत नाहीं. केळीचा वंश मुनव्यांनीं चालतो. म्हणजे आज वाडींत लावलेली राजेळी ही आजोबांच्या वाडींतल्या राजेळीची लेक नव्हे. ती तीच आहे. पानवेलीचीही लागवड अशीच वेलाच्या तुकड्यांनीं होते.

यांतील धोका ध्यानीं घ्यावा. रात्याच्या शेतांत हजार रोपांत कांहीं वेगळीं निघत, आणि आपत्तींतून तीं वांचत. केळीच्या बागेंत सर्व झाडें एकाच घडणीचीं. एकाला जें सोसवत नाहीं तें सर्वांनाच सोसवत नाहीं. ‘ग्रो मिशेल’ नांवाच्या केळ्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं जगाचा बाजार व्यापला होता. पनामा नांवाच्या मररोगानें १९६० च्या सुमारास त्याची व्यापारी लागवड बसविली. त्याच्या जागीं आलेल्या कॅव्हेंडिश केळ्यावर त्याच रोगाचा नवा प्रकार आतां बिहार व उत्तर प्रदेशांतही आला आहे. रोगाचें जें, तेंच मिठाचें.

मग खाडी व समुद्र यांच्या मिठींत, ज्या झाडाला मीठ मुळींच सोसत नाहीं, तें वसईंत इतकीं शतकें टिकलें कसें? तिवर टिकलें तें स्वतःच्या देहाच्या बळावर. राता टिकला शेतकऱ्याच्या निवडीवर. केळ मात्र माणसांच्या पाणी वापरण्याच्या रीतीवर टिकली. वाडींत विहीर असे, विहिरीवर रहाट असे. रहाटाला बैल जोडला तर दिवसाकाठीं ठराविक पाणी निघे. बैल थकला कीं विहीरही विसावत असे. वाड्यांमधून ‘बावखलें’ असत. बावखल म्हणजे वाडींतलें लहानसें तळें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरावयाचें, वाडीला पाणी द्यावयाचें, आणि रेतीतून मुरून विहिरींना पोसावयाचें. वर जितकें गोडें पाणी, त्याच्या चाळीसपट खालीं, हें डच अभियंत्याचें सूत्र वाडीकरांनीं वाचलें नव्हतें. पण त्यांचा सारा व्यवहार त्या सूत्राला धरून होता. या व्यवहाराचा संबंध कोणा एका जातीशीं वा धर्माशीं नाहीं. हिंदु वाडवळ आणि ख्रिस्ती सामवेदी दोघेही तो पाळीत.

ही घडी विसाव्या शतकांत विसकटली. रहाटांच्या जागीं तेलाचीं इंजिनें व मग विजेचे पंप आले. त्यांना थकवा नाहीं. वसईच्या कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें, आणि जेथें पानमळे व केळी होत्या तेथें तीं पिकें सोडावीं लागलीं. नंतर शहर आलें. घरांना पाणी हवें, आणि तें टँकरांनीं वाडींतल्या विहिरींतून उपसून नेलें जाऊं लागलें. १९८० नंतरच्या दशकांत या उपशाविरुद्ध व हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठीं जी चळवळ उभी राहिली तिचें अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. त्यांचें २०२४ सालीं निधन झालें. एक धर्मगुरु व साहित्यिक भूजलाच्या प्रश्नावर रस्त्यावर येतो, हें या प्रश्नाच्या तीव्रतेचें माप आहे. २००९ सालीं वसई-विरारची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. सूर्या धरणाचें पाणी नळानें आलें. पण बाहेरचें पाणी आलें म्हणून आंतलें राखावयाचें कारण संपत नाहीं. बावखलें बुजवून इमारती झाल्या, तेथें पावसाचें पाणी मुरावयाची जागा गेली. पाऊस तेवढाच पडतो. तो पूर्वीं जमिनींत जाई, आतां रस्त्यांवर राहतो.

तिवरांचीही तीच कथा. कायद्यानें त्यांना आधार मिळाला तो उशिरां. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं खारवनांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्यें तो निर्णय कायम केला. राज्याच्या वनखात्यांत २०१२ सालीं कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०२० सालीं महाराष्ट्रानें पांढऱ्या चिपीला राज्याचें कांदळवृक्ष म्हणून मान दिला. तथापि खाडी बुजवून भराव टाकण्याचा मोह मोठा असतो. २०१८ च्या जुलै महिन्यांत वसई-विरारची काय अवस्था झाली हें पुष्कळांनीं अनुभवलें आहे. वस्त्या दिवसच्या दिवस पाण्यांत होत्या, वीज नव्हती, आणि मिठागरांत शेंकडों माणसें अडकून पडलीं. पावसाचें पाणी ज्या सखल भागांत पसरून खाडीला मिळे, तेथें अडथळे झाले म्हणजे तें घरांत शिरतें.

येथें कोणी विचारील कीं, विज्ञान इतकें पुढें गेलें आहे, तर तिवरांतील किंवा नोना बोक्रांतील जनुक घेऊन खाऱ्या पाण्यावर वाढणारी केळ कां करूं नये? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. भाताच्या बाबतींत अशीं कामें यशस्वी होत आहेत. समुद्र जसजसा वर चढेल तसतशी त्यांची गरजही वाढेल. केळीच्या जनुकलेखाचें वाचन २०१२ सालींच झालें आहे. परंतु तीन गोष्टी विसरूं नयेत. खारटपणा सोसण्यासाठीं झाडाला शक्ति खर्चावी लागते, आणि ती शक्ति फळांतून वजा होते. तिवर टिकतें, पण तें घड देत नाहीं. दुसरें, ज्यांतून जनुकें घ्यावयाचीं त्या रात्यासारख्या जाती शेतांतून नाहींशा झाल्या तर उद्यां शोधावयाचें कोठें? बीजकोशांत थंडींत ठेविलेलें बीं जिवंत राहतें, पण त्याची निवड थांबते. बदलत्या हवेशीं झगडत तें पुढें जातें तें शेतांतच. तिसरें आणि मुख्य, सोशीक केळ निर्माण झाली तरी तिच्या शेजारीं राहणाऱ्या माणसाला पिण्यास गोडेंच पाणी लागणार आहे.

तेव्हां करावयाचें तें फारसें गूढ नाहीं. उरलेलीं बावखलें मोजून नकाशावर आणावींत व बुजवूं नयेत. विहिरींच्या पाण्याचा खारटपणा दर उन्हाळ्यांत मोजून त्याची नोंद गांवांत लावून ठेवावी. हें काम शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सहज करतां येईल, आणि दहा वर्षांत तो मोलाचा ऐतिहासिक दप्तर होईल. इमारतींच्या छपरांवरील पाणी गटारांत न सोडतां जमिनींत मुरवावें. खारभूमीच्या शेतकऱ्यानें राता पेरला तर त्याला बाजार मिळेल असें शहरांतील घरांनीं पाहावें. लाल तांदूळ मागणारें गिऱ्हाईक असेल तरच तो शेतांत राहील. आणि खाडीकांठीं भराव पडतांना दिसला तर तें आपलें काम नव्हे असें समजूं नये.

बहादूरशहा गेला, पोर्तुगीज गेले, पेशवाई गेली, इंग्रजही गेले. वसईच्या वाड्या मात्र या सर्व राजवटींत हिरव्या राहिल्या, कारण राज्य कोणाचेंही असो, विहिरीवरचा रहाट त्याच गतीनें फिरत होता. ती गति आपल्या पिढीनें बदलली आहे, आणि तिचा हिशेबही आपल्याच पिढीला द्यावयाचा आहे. रेतीखालच्या त्या पातळ थरांत अजून गोडें पाणी आहे. पुढच्या पावसाळ्यांत त्यांत भर घालावयाची कीं नाहीं, एवढेंच आपल्या हातीं आहे.